मदत हवी आहे: भर मे महिन्यात राजगड ते तोरणा, पाण्याचं गणित

मंडळी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात राजगड-तोरणा डोंगरधारेने करायचं चाललंय. गुंजवण्यातून चढून संजीवनी माचीच्या अळू दरवाजाने उतरायचं, बुधला माचीवरून तोरणा, मग वेल्हे. उन्हाळाच का, तर सुट्टी तेव्हाच मिळते, त्यामुळे "पावसाळ्यात जा" हा सल्ला कृपया नको.

खरी काळजी बुधल्याकडच्या शेवटच्या खड्या चढाची. तिथे पोचेपर्यंत ऊन डोक्यावर, सावलीला झाड नाही, पायाखाली सुटा मुरूम आणि वाळून निसरडं झालेलं गवत. त्यात पाठीवर मुक्कामाची सॅक. सोबत चुलतभाऊ आहे. सिंहगड नेहमीचा, पण ओझं घेऊन कधी चढलेला नाही.

माणशी पाच लिटर पाणी पुरेल का? राजगडावरच्या टाक्यांत मेपर्यंत पिण्याजोगं पाणी उरतं का? मधल्या खिंडीत वेल्हे-भुतोंडे रस्ता आडवा येतो, तिथे आदल्या दिवशी कॅन लपवून ठेवावेत म्हणतोय. माकडं ठेवतील का शिल्लक?

राजगडावर मुक्कामाला सध्या परवानगी आहे का? नसेल तर तंबू-बिंबू घरीच. ओआरएस, टोपी, पहाटे निघणं ठरलेलंच आहे. यंदाच्या उन्हाळ्यात जाऊन आलेल्यांनी पाण्याचं तेवढं नक्की सांगा.