डाइव्हपेक्षा भिंतीची धास्ती

इनडोअर अल्टिमेटमध्ये, म्हणजे हॉलमध्ये डिस्कने (फ्रिस्बीने) खेळायच्या सांघिक खेळात, डाइव्हवर, म्हणजे डिस्क पकडायला जमिनीवर झेप घेण्यावर, बंदीच घाला, असं काही जण सुचवतात. मला नाही पटत. गुडघ्याला पॅड असले की लाकडी फ्लोअरवरचं खरचटणं निभावतं. खरी भीती भिंतीची. आमच्या हॉलमध्ये एंडझोनमागे (जिथे झेल घेतला की गुण मिळतो, त्या टोकाच्या पट्ट्यामागे) जेमतेम दोन पावलं जागा. गेल्या पावसाळ्यात डिस्ककडे बघत धावलो आणि मनगट थेट भिंतीवर! तेव्हापासून एंडझोनच आत ओढलाय. लांब फेकीही बंद, छोटे, छातीच्या उंचीचे पास. पाच-पाच जणांत रिकामी जागा तशीही क्षणात बुजते.

पंच नसतो, त्यामुळे झेल घेताना धक्का लागला तर 'फाउल' म्हणायला लाजू नका. समोरच्याला मान्य नसेल तर डिस्क परत फेकणाऱ्याकडे, वाद संपला. (आमच्याकडे तो चहापर्यंत चालतो, ते सोडा.)