युक्रेनला वकील पाठवायचे कशाला? (उत्तर लांबलंय, वाचा)

पत्रादेवीवाला: काल 'खाडीकिनारा' यांनी लिहिलं की रशियाचे युद्धगुन्हे नोंदवायला युक्रेनला युरोप-अमेरिकेनं वकील नि तपासनीस पुरवणं म्हणजे पैशांची नासाडी, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टानं मार्च २०२३ ला पुतिनवर वॉरंट काढलं तरी तो २०२४ ला मंगोलियात जाऊन आला आणि 'गोव्यानं नाही का पोर्तुगीजांचं सगळं विसरून टाकलं'. हे शेवटचं वाचून डोकं फिरलं. कुणी विसरलं हो? आमच्या आजोबांना पोर्तुगीजांच्या कोठडीत तळव्यांवर मारलेलं, पावसाळा लागला की लंगडायचे. मारणाऱ्याचं नाव त्यांना पाठ होतं, पण कुणी लिहून घेतलं नाही, आता आजोबा नाहीत आणि घरात कुणालाच ते नाव धड सांगता येत नाही. ते वकील तिकडे हेच करतात, कुणाला कुठे मारलं, हुकूम कुणाचा, व्हिडिओ कुणाच्या हातून कुणाकडे गेला, सगळं आत्ताच नोंदवून ठेवतात. खटला वीस वर्षांनी उभा राहू दे की.

खाडीकिनारा: आजोबांबद्दल आदर आहे. पण कंबोडियात ख्मेर रूजच्या कत्तलींसाठी २००६ ते २०२२ कोर्ट चाललं, ३० कोटी डॉलरच्या वर खर्च, शिक्षा किती जणांना? तिघांना! त्यांचा म्होरक्या पोल पॉट १९९८ लाच मेलेला. त्यापेक्षा वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेनं केलं ते बरं, खरं सांगा नि माफी घ्या.

वकिलीणबाई_मडगाव: माफी काय प्रसाद म्हणून वाटली नव्हती. ७,११२ अर्ज आले, ८४९ मंजूर झाले. घोळ पुढे झाला, ज्यांना नाकारली त्यांच्यावर फारसे खटलेच भरले नाहीत. आणि हेगवरच काय अडलंय? सीरियाच्या गुप्तहेर खात्याचा अधिकारी अन्वर रस्लान जर्मनीत निर्वासित म्हणून राहत होता, बर्लिनमध्ये एका सीरियन वकिलानं त्याला पाहिलं, जानेवारी २०२२ ला कोब्लेन्झच्या कोर्टानं जन्मठेप दिली. छळ दमास्कसला, खटला जर्मनीत. पुरावे कुणीतरी आधी जपलेले म्हणूनच ना?

खाडीकिनारा: बरं, एक सापडला, पेढे वाटा. त्याचा साहेब, सीरियाचा माजी अध्यक्ष असद मॉस्कोत मजेत बसलाय.

बार्देसकार: पाखल्यांचं (पोर्तुगीजांचं) निघालंच आहे तर त्यांच्या पोलिसातल्या कासिमिरो मोंतेरोचं सांगा ना, गोव्यात ज्याच्या नावानं लोक थरथरायचे. पुढे पोर्तुगालच्या कोर्टानं त्याला गैरहजेरीत दोषी धरलं, पण कशाबद्दल? १९६५ ला त्यांच्याच विरोधी नेत्याचा, जनरल देल्गादोचा खून केला म्हणून! आमच्यांना झोडपलं त्याचं काही नाही. गडी दक्षिण आफ्रिकेत मेला. आणि आपले लोक पोर्तुगीज पासपोर्टसाठी लिस्बनला जन्म नोंदवायला एजंटाच्या दारात रांगेत.

साळगावची_वहिनी: पासपोर्टवर घसरायचं नाही हं भाऊ. माझा मुलगा इंग्लंडात स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो, इथे त्याला नोकरी तुम्ही देणार होता? प्रत्येक वेळी काही निघालं की आमच्याच पोरांना देशद्रोही ठरवायचं.

बार्देसकार: देशद्रोही मी म्हटलंच नाही वहिनी. पण १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, स्टेटसला तिरंगा नि २० ला एजंटला फोन, हसू येणारच ना.

साळगावची_वहिनी: हसा. तुमच्या दोन चुलतभावांचे पासपोर्ट आमच्याच एजंटनं केलेत, नावं लिहू?

वकिलीणबाई_मडगाव: अहो, युक्रेन राहिलं बाजूला! आणि पत्रादेवीवाले, कोठडीतला छळ कितीही वाईट असला तरी तो युद्धगुन्हा ठरायला आधी सशस्त्र संघर्ष लागतो, सगळं एकाच पोत्यात भरू नका.

पत्रादेवीवाला: कलमं तुम्ही सांभाळा बाई. २०२२ ला अंतोनियो कोस्ता पोर्तुगालचा पंतप्रधान म्हणून मोझांबिकला गेला आणि पोर्तुगीज सैनिकांनी तिथे केलेल्या १९७२ च्या विरियामूच्या कत्तलीबद्दल माफी मागून आला. मूळचा मडगावचा ना तो? तिथे पन्नास वर्षांनी चाललं मग इथे का नको?

खाडीकिनारा: तेच म्हणतोय मी, माफी फुकट होते, वकील लागत नाहीत.

वकिलीणबाई_मडगाव: कत्तल झालीच नाही म्हणून लिस्बन आधी हात वर करत होतं. लोकांनी साक्षी लिहून बाहेर काढल्या नसत्या तर माफी कशाची मागितली असती?

खाडीकिनारा: साक्षी ठीक, मान्य. वकिलांच्या बिलांचं मान्य नाही.

बार्देसकार: वहिनी, ते चुलतभाऊ पेडण्याचे, माझ्याशी बोलतसुद्धा नाहीत.