मे महिन्यात ग्रीस: सासूबाई पूर्ण शाकाहारी, सासरे मासेखाऊ, किती बेटं करावीत?

पिठलंभाकरी:
मंडळी मदत हवीये. लेकाची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते म्हणून मे अखेरचे १० दिवस धरलेत. मी, नवरा, ८ वर्षांचा लेक आणि सासूसासरे. नवऱ्याने एक्सेल बनवलंय, अथेन्स २ दिवस, मिकोनोस २, सँटोरिनी ३, क्रीट ३. मला तर ते बघूनच दम लागला. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना अंडंही चालत नाही, सासरे अलिबागचे, ताटात मासा असला की बाकी जगाशी त्यांना देणंघेणं नाही. एवढी बेटं १० दिवसांत होतात का? आणि सासूबाई खाणार काय, रोज फ्रेंच फ्राईज?

भटकी_मनी:
अगं ते एक्सेल आधी डिलीट कर 😄 फेरी सुटायच्या तासभर आधी बंदरावर, मग बॅगा चढवा उतरवा, नवीन हॉटेल शोधा, म्हणजे प्रत्येक बेट बदलताना अर्धा दिवस गेलाच. आम्ही असंच केलं होतं पहिल्या वेळी, आता आठवतात त्या फक्त बॅगा. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पश्चिम क्रीटमधल्या हानियात ८ दिवस एकाच घरात राहिलो आणि तीच खरी सुट्टी झाली. अथेन्सहून विमानाने तासाभराच्या आत पोचता, नाहीतर अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रीची बोट आहे, संध्याकाळी बसा पहाटे हानियाजवळच्या सौदा बंदरात उतरा, केबिन घेतलं तर एका रात्रीचं हॉटेल वाचतं. हानियाचं जुनं बंदर व्हेनिसवाल्यांच्या काळातलं, धक्क्यावर सगळं सपाट, सासूबाई आरामात फिरतील.

आता खाणं. ग्रीक लोकांचे उपवास फार असतात, चर्चच्या उपवासात मटण, अंडी, दूधदुभतं सगळं बंद, त्यामुळे बिनमांसाचं जेवण त्यांच्या घरातच शिजतं, टुरिस्टसाठी मुद्दाम केलेलं नाही. मेनूत 'लादेरा' शोधा, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, भेंडी पण असते त्यात! फावा म्हणजे आपलं घट्ट वरणच वर कांदा आणि तेल, होर्ता म्हणजे उकडलेला रानपाला लिंबू पिळून, यिगांतेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची टोमॅटोतली उसळ. डाकोस तर क्रीटचाच, जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज. दात सांभाळून. हानियाची बुरेकी पण, दुधी जातीची झुकिनी, बटाटा, चीज, पण पीठ मळताना किंवा सारणात अंडं आहे का विचारा. येमिस्ता (भरलेले टोमॅटो-मिरच्या) आणि डोल्मादेस यात कधी खिमा असतो, आणि 'अव्गोलेमोनो' दिसलं की सोडून द्या, तो अंड्या-लिंबाचा सॉस. "होरिस क्रेआस" म्हणजे बिनमांसाचं, एवढं पाठ करा.

सागरगोटा:
मनी बरोबर बोलतेय पण एक राहिलं, उपवासाचा शब्द 'निस्तिसिमो' विचारून निर्धास्त होऊ नका, त्यांच्या उपवासाला कोळंबी, ऑक्टोपस, माकूळ चालतं 😂 रक्त नसलेले प्राणी म्हणून. सासूबाईंच्या ताटात आलं तर काय होईल ते तुम्हीच बघा.

सासऱ्यांसाठी: मासा मिळेल पण आपल्यासारखा नाही. कोळशावर भाजून वर मीठ, लिंबू, तेल, संपलं. ना तिरफळ ना आलंलसूण. ताजा मासा किलोवर विकतात, आधी वजन करून भाव विचारा नाहीतर बिल बघून घाम फुटतो. स्वस्तात हवं तर गाव्रोस मागवा, छोटे मासे पिठात घोळवून तळलेले, तेवढ्याने अलिबागचा माणूस थोडा तरी शांत होईल.

बाकी मी असतो तर क्रीटऐवजी नॅक्सॉस केलं असतं, क्रीटपेक्षा छोटं बेट आहे, आगिओस यॉर्गिओस बीचची वाळू मऊ, पाणी हळूहळू खोल होतं, पोराला मस्त. पण मेमध्ये पाणी १९-२० डिग्री असतं हे लक्षात ठेवा, आपल्या अरबी समुद्राची सवय असलेला माणूस पाय घालून परत येतो. पोरांना काही वाटत नाही म्हणा.

भटकी_मनी:
नॅक्सॉस छानच आहे, पण क्रीटसारखा एलाफोनिसी बीच आहे का तिथे? गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडच्या छोट्या बेटावर जाता येतं. फक्त फोटोत दिसते तशी गुलाबी वाळू शोधत बसू नका, कडेला गुलाबी पट्टे असतात, तुटलेल्या शिंपल्यांचे. आणि घरी न्यायला वाळू उचलायला बंदी आहे. हानियाहून गाडीने दीडएक तास, वळणं फार, उलटीची गोळी हवी. बालोस बीचला मात्र गाडी नेऊ नका, शेवटचा रस्ता मातीचा आहे, आम्ही नेली, टायर फाटलं आणि गाडीवाल्याने इन्शुरन्स कच्च्या रस्त्याला लागू नाही म्हणून सगळे पैसे लावले. किसामोस बंदरातून बोटीने जा, वाटेत ग्राम्व्हुसा बेटावर थांबते, डोंगरावर व्हेनेशियन किल्ला, लेकाला घेऊन नवऱ्याने चढावं, सासूबाईंनी खाली सावली बघून बसावं.

नवा_प्रवासी:
व्हिसाची अपॉइंटमेंट आधी बघा बाकी सगळं नंतर! अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये सगळा महाराष्ट्र रांगेत असतो. ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. गाडी चालवणार तर इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून ठेवा.

पिठलंभाकरी:
खूप खूप आभार! एक्सेल उडवलं, अथेन्स २ आणि बाकी हानिया. नवरा सँटोरिनीवरून थोडा फुगलाय, फुगू दे. सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं तर त्यांचा एकच प्रश्न, मसाला नेता येतो का? घर किचनवालं घेऊ म्हणतायत.

सागरगोटा:
मसाला न्या की. साजूक तूप आणि पेढे मात्र नका नेऊ, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. आगुळाची बाटली चेक-इन बॅगेत टाका, गाव्रोसला लावतील ते.