आक्कांना नऊवारीवरनं कोण बोललं?

वैनी (ए-३०२), रात्री ८:४०: नमस्कार. शांतपणे विचारते. आमच्या आक्कांना परवा देवळात कुणी सांगितलं की विमानाच्या बिझनेस क्लासला नऊवारी चालत नाही, दारातनंच परत लावतात म्हणून? तेव्हापासून तोंड पाडून बसल्यात. आज म्हणतात, एकतर पंजाबी ड्रेस शिवायला टाक, नाहीतर तिकीट रद्द कर. नातीनं स्वतःच्या पगारातनं काढलेलं सिडनीचं तिकीट आहे, आजीचे गुडघे दुखतात म्हणून. जन्मभर ज्या बाईनं नऊवारीशिवाय काही नेसलं नाही, तिला आता ड्रेस?

दादा (बी-४०१): वैनी, इचारताय कशाला. कोण बोललं ते समद्यांस्नी म्हाईत हाय.

काकू (सी-२०४): दादा, नाव घ्यायचं तर सरळ घ्या. मी चांगल्यासाठीच बोलले. माझा भाचा सांगत होता, बिझनेस क्लासला कोट, बूट लागतो. तिथं सगळी मोठी माणसं बसतात. आक्कांना कुणी हसू नये एवढंच.

वैनी: हसणारी माणसं विमानात कशाला शोधायची काकू.

तात्या (बी-१०२): मोजे घाला. लांबच्या प्रवासात पाय सुजतात.

चेअरमन: सर्वांना नम्र विनंती. हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी ११ पर्यंत पाणी येणार नाही. पाणी भरून ठेवावे.

दादा: गणपतीत लेझमीच्या व्हिडिओंनी ग्रुप भरला हुता, तवा सोसायटीचं कुठलं काम चाललं हुतं साहेब?

चेअरमन: हा मेसेज डिलीट केला आहे.

काकू: डिलीट करून काय उपयोग, वाचलंय सगळ्यांनी.

ताई (डी-५०१), रात्री ९:०५: वैनी, आत्ता बघितलं. मी बंगळुरूला केबिन क्रूमध्ये, म्हणजे विमानात प्रवाशांची सोय बघणाऱ्यांत होते, म्हणून सांगते. पैसे भरून तिकीट काढलेल्या माणसाला बिझनेस क्लासचा वेगळा ड्रेसकोड नसतो. पायात काहीतरी हवं, अंगभर कपडे हवेत, कपड्यावर घाणेरडं काही लिहिलेलं नको. स्पिरिट या अमेरिकन कंपनीनं जानेवारी २०२५ मध्ये नियम कडक केले, तेही एवढ्यापुरतेच: आरपार दिसणारे कपडे, उघडं अंग, अश्लील मजकूर किंवा टॅटू. अंगभर नऊवारी नेसलेल्या बाईला कोण कशाला अडवेल?

ताई: आणि कोट-बुटाचं कुठनं आलं तेही सांगते. एअरलाइनच्या नोकरदारांच्या घरच्यांना सवलतीचा पास मिळतो. त्या पासवर बसायचं तर कपड्यांचे नियम असतात, कारण तेव्हा तुम्ही कंपनीची माणसं म्हणून बसलेले असता. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला युनायटेड या विमान कंपनीनं लेगिंग्ज घातलेल्या दोन मुलींना थांबवलं आणि जगभर बोंब झाली. त्या मुली पासवर होत्या. तिकीट काढणाऱ्यांनी लेगिंग्ज खुशाल घालाव्यात, असं कंपनीनंच नंतर जाहीर केलं. काकू, तुमचा भाचा एअरलाइनमध्येच आहे ना?

काकू: हो. कार्गोला, मालवाहतुकीत.

ताई: मग त्याला पासाचा नियम पाठ असणार. त्याच्यापुरतं त्याचं बरोबर आहे. आक्कांना तो लागू नाही.

काकू: बघा. म्हणजे मी मनाचं काही बोलले नव्हते.

वैनी: पूर्ण माहिती नसताना म्हाताऱ्या माणसाला देवळाच्या पायरीवर सांगायचं कशाला पण?

तात्या: मोजे. कुणी वाचतंय का न्हाई?

डॉक्टर (ए-१०१): तात्यांचं बरोबर आहे, फक्त साधे मोजे उपयोगाचे नाहीत. गुडघ्याखालपर्यंतचे दाब देणारे मोजे मिळतात, ते घ्या. चार तासांच्या वर एका जागी बसून राहिलं की पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलंय. मुळात धोका कमीच, सहा हजारांत एखादा. पण वय झालेल्या माणसाला बंगळुरूपासून सिडनीपर्यंत अकरा-बारा तास बसायचं आहे. मापं सकाळी उठल्या उठल्या घ्या, सूज यायच्या आत. आणि आधी मला एकदा पाय दाखवून जा. ज्यांच्या पायाच्या धमन्यांत रक्त कमी जातं त्यांना असे मोजे चालत नाहीत.

डॉक्टर: दुसरं. विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तशी ठेवतात. महाबळेश्वर साडेचार हजारांवर, म्हणजे त्याच्याही वर. तिथं पोटातला वायू फुगतो. कमरेची गाठ नेहमीसारखी करकचून मारू नका, एक बोट जाईल एवढी सैल राहू दे. हवा फार कोरडी असते, पाणी पीत राहा.

तात्या: हेच मी मघापासनं सांगतोय.

दादा: तात्या, तुमी दोनच अक्षरं सांगितली, डॉक्टरांनी अख्खा कागूद.

वैनी: ताई, त्या सीटचा पलंग होतो म्हणे. नऊवारीत झोपायला होईल का? आणि तपासणीत पिना, पाटल्या? आक्का म्हणतात गळ्यात कोल्हापुरी साज घालूनच जाणार.

ताई: झोपायचं म्हणाल तर नऊवारीइतकं सोयीचं काही नाही. काष्टा असतो, पाय मोकळे, कूस बदलली तरी साडी वर सरकत नाही. पाचवारीत मी बायकांचे हाल बघितलेत. रात्रीच्या लांबच्या फ्लाइटला काही कंपन्या पायजमा आणि टी-शर्ट देतात, कतार एअरवेजचं नाव त्यात बरंच ऐकाल. दिला म्हणून घातलाच पाहिजे असं नाही. झोपताना सीटचा पट्टा पांघरुणाच्या वरनं लावायचा, म्हणजे तो लावलाय का बघायला क्रू उठवत नाहीत. अंगावर शाल असू दे, पहाटे गार वाटतं.

ताई: पिना दोन-तीनच लावा. पाटल्या वाजल्या तर बाई कर्मचारी पडद्याआड हातातल्या यंत्रानं बघतात, साडी सोडायला कुणी सांगत नाही. साज मात्र लॉकरात ठेवा. झोपेत मानेला रुततो, आणि काढून ठेवला की सीटच्या फटीत जातो. गळ्यात मंगळसूत्र पुरे.

ताई: कापडाचं मात्र नक्की बघा. आग लागली तर नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. सुती कापडाचं तसं होत नाही. आक्कांच्या रोजच्या सुती साड्या आहेत ना, त्यातलीच एक. नवी चमकीची आणू नका.

वैनी: ही माहिती आधी मिळाली असती तर घरात एवढं रामायण झालं नसतं.

काकू: चप्पल लाउंजमध्ये, विमानतळावरच्या त्या बसायच्या खास खोलीत, चालत नाही हे तरी खरं ना? तेही मीच सांगितलं होतं.

ताई: अर्धं खरं. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीनं २०१५ पासून ऑस्ट्रेलियातल्या लाउंजला कपड्यांचा नियम लावलाय. रबरी स्लीपर, अनवाणी पाय, झोपायचे कपडे, नखशिखांत जिमचे कपडे घालून आत सोडत नाहीत. विमानाचा आणि लाउंजचा नियम वेगळा. आक्कांना तो येताना सिडनीला लागेल.

दादा: म्हंजे कोल्हापुरी रबरी स्लीपरात धरणार? २०२५ च्या जूनात मिलानला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल मॉडेलच्या पायात घातली, तवा चालली की! आनि आमच्या आक्का कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतली अस्सल घालून गेल्या तर दारात अडवणार?

तात्या: कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. २०१९ ला. आणि अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्या वादीनं शिवतात. यंत्रात वाजायची भीती नाही.

दादा: तात्या, ह्ये लाखातलं बोललासा.

ताई: दादा, चप्पल भारीच आहे, त्यात वाद नाही. पण दाराशी उभा असलेला माणूस आंगठ्याची चप्पल बघतो, ती कुठली हे त्याला कळेलच असं नाही. त्याहून मोठी गोष्ट सुरक्षेची. विमान चढताना-उतरताना पायात बंद बूट असावेत. घाईत बाहेर पडायची वेळ आली तर चप्पल पायातनं निसटते, खाली काचा असू शकतात. कोल्हापुरी बॅगेत ठेवा, सिडनीत घरी पोचल्यावर घाला.

ताई: ती बॅगेत भरण्याआधी धुवा. आक्का शेतावर जातात ना तीच घालून? ऑस्ट्रेलियात उतरताना कार्ड भरून घेतात. त्यात विचारतात, गेल्या तीस दिवसांत शेतात, जनावरांत गेला होता का, माती आणलीय का. तळव्याला चिखल दिसला तर बाजूला घेतात. कार्डावर खरं तेच लिहायचं. लपवलं तर दंड.

दादा: आनि कांदा-लसूण चटणी?

ताई: तीही कार्डावर लिहायची आणि दाखवायची. चटणीचं उद्या बोलू, आता कपड्यांचं संपवूया.

चेअरमन: उद्या ११ पर्यंत पाणी नाही. वॉचमनला दहा जण विचारून गेले.

वैनी, रात्री १०:२०: सगळं आक्कांना वाचून दाखवलं. पहिल्यांदा म्हणाल्या, ही ताई कुणाची पोर? मग म्हणाल्या, बूट घालीन, मोजे घालीन, साज ठेवीन, पण नेसणार माझीच. हिरवी सुती काढून ठेवलीय. आता जेवायला बसल्यात.

काकू: वैनी, माझ्याकडं कॅनव्हासचा पांढरा जोड आहे, सहा नंबर, न वापरलेला. उद्या आणून देऊ का?

वैनी: सहा होणार नाही काकू. त्यांना सातच लागतो, त्यात मोजे. पण या. आक्कांशी तुम्ही स्वतःच बोला, मी मधे पडणार नाही.

काकू: येते. पाणी आल्यावर.

ताई: जोड दुकानातनं घेणार असाल तर संध्याकाळी जा वैनी, पाय फुगलेले असताना. दाबाचे मोजे बरोबर न्या, त्यांच्यावरच घालून बघा. लेस नको, चिकटपट्टीचा घ्या, म्हणजे विमानात आक्कांना वाकावं लागणार नाही.