उघड्यावरचा मातीचा हत्ती जूनपर्यंत कसा वाचवायचा?

शाळेतला_हत्ती:
राधानगरी भाग. शाळेच्या बागेत न भाजलेल्या मातीचा चार फुटी हत्ती आहे. आत बांबू आणि पेंढा, वर चिकणमाती-वाळू-शेणाचं लिंपण. पांढरा गोंद पाण्यात कालवून लावला होता, त्याचे पोपडे निघतायत. पावसाळा अजून बघितला नाही, तरी पायांची माती आत्ताच भुसभुशीत होऊन झडतेय. पोरं सोंडेला लोंबकळतात ते वेगळंच. गवंडी म्हणतो सिमेंटचा गिलावा मारा. मारू का?

लिंपणकर:
अजिबात नको. माती ओलीनं फुगते, वाळली की आकसते. सिमेंट तसं हलत नाही. त्याला केसाएवढी भेग पडली की पाणी आत शिरतं, पण बाहेर पडत नाही. वरून हत्ती धडधाकट दिसतो आणि आत चिखल होतो.

पाय झडण्याचं कारण बागेचं पाणी. जमिनीतली ओल वर चढते, वाळताना क्षार मागे ठेवते, म्हणजेच लोणा. पांढरट बुरशीसारखं काही दिसतंय ना? आधी तिथलं पाणी बंद करा. चारी बाजूंनी फूटभर रुंद, फूटभर खोल चर खणून खडी भरा आणि चराला उतार द्या. मग पोटाखाली लाकडी टेकू देऊन एकेका पायाची सुटी माती काढा आणि खाली जांभ्याचा चिरा चुन्यात बसवा. एका वेळी एकच पाय. वीतभर तरी उंची मिळाली पाहिजे, नाहीतर पागोळ्यांचे शिंतोडे तेच काम पुन्हा करतील.

शाळेतला_हत्ती:
पांढरं आहे, हो. वरून जवसाचं तेल चालेल का?

कळीचा_चुना:
छपराखाली चालेल, उघड्यावर तुमच्याकडच्या पावसात एकट्या तेलाचं काम नाही. माती आतून ओली असेल तर तेल प्यालेला थर पापुद्र्यासारखा सुटतो. शिवाय तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा.

चुना बरा. आधी गोंद पूर्ण खरवडा, नाहीतर काहीच धरणार नाही. पृष्ठभागावर ओरखडे काढून पाणी शिंपडा. दोन-तीन आठवडे भिजवलेला चुना 1 भाग, चाळलेली वाळू 3 भाग, थोडा कातरलेला काथ्या. 6-8 मिलिमीटरचे दोन थर द्या आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. उन्हात भरभर वाळला तर भुगा होतो. मार्चमध्येच उरका; वळवाच्या आधी तो घट्ट व्हायला हवा. कळीचा चुना, म्हणजे न भिजवलेले खडे, पाण्यात विरवताना उकळतो, तेव्हा पोरांना लांब ठेवा.

लिंपणकर:
आणि छप्पर हवंच. उंच मांडव कामाचा नाही, झड खालून शिरते. हत्तीच्या पाठीवर हातभर जागा सोडून कौलं किंवा पत्रा, वळचण अडीच फूट बाहेर. नैर्ऋत्येला जून ते सप्टेंबर बांबूचे तट्टे लावा, खाली वारा खेळायला फट ठेवून. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो.

भट्टीवाला:
सोंड लोंबकळती ठेवाल तर तुटणारच. टोक जमिनीवरच्या चिऱ्यावर टेकवा. कान काढून कुंभाराकडून भाजलेले करून घ्या, खुंटीवर चुन्यानं बसवा. फुटला तर कान बदलायचा, डोकं नाही. खुंटीवर सुतळी गुंडाळा, ओला बांबू फुगला तर मातीला तडा जातो.

हात लागणारच. पोरांच्या उंचीचा पट्टा दर दिवाळीनंतर पाण्यात पातळ कालवलेल्या चुन्यानं त्यांच्याकडूनच रंगवून घ्या, हातमोजे घालून.