नवा फ्युएल पंप टाकूनही गाडी घाटात ओढत नाही, मदत हवी आहे
मंडळी, गाडी २००९ ची, पेट्रोल, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टरवाली). बीडच्या मिस्त्रीने टाकीतला पंप बदलला, जाळीही नवी टाकली. गावात मस्त चालते, पण मांजरसुंब्याचा घाट लागला की झटके देते, ओढतच नाही. फ्युएल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) प्रेशर गेज लावला: आयडलला ३ बार, रेस केली की काटा २ च्या खाली. टाकीत हवा जात नसेल म्हणून झाकण उघडं ठेवलं, फरक शून्य. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट, पंपाच्या सॉकेटवर मात्र साडेदहाच! मिस्त्री म्हणतो, "पंपच डुप्लिकेट निघाला, दुसरा टाकू." (पैसे अर्थातच माझे.) मला रिले (पंपाला करंट देणारा स्विच) नाहीतर अर्थिंगवर संशय आहे, मागच्या सीटखाली वायर उंदरांनी कुरतडलेली आहे. आधी रिलेपासून फ्यूज लावून वेगळी जाड वायर ओढून बघू का? की फ्युएल प्रेशर रेग्युलेटर (पेट्रोलचं प्रेशर कायम ठेवणारा) तपासू?