मदत हवी आहे : चार प्रकारच्या बिया ओळखायच्या आणि रुजवायच्या आहेत

रानवाट :
पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि बागांमधून एप्रिलअखेरीस गोळा केलेल्या बिया आहेत. फोटो चढत नाहीयेत, म्हणून वर्णन देतो.
१) लालभडक, एका टोकाला काळा डाग, 6-7 मिमी
२) पूर्ण लाल, दोन्ही बाजूंनी फुगीर, पण कडेला निमुळती, 8-9 मिमी
३) राखाडी, गुळगुळीत, गोटीएवढी, दगडासारखी टणक
४) गोल कागदी पापुद्रा, मधोमध बी, वरच्या टोकाला खाच
कोणती झाडं? आणि रुजवायची कशी?

बीजवाला :
पहिली गुंज, दुसरी रतनगुंज. पहिली वेल, दुसरा चांगला मोठा वृक्ष. शंका असेल तर वजन करा : एका ग्रॅममध्ये गुंजा साधारण आठ बसतात, रतनगुंजा चारच. गुंजेची बी शेंगेला जिथे चिकटलेली असते, ती खूण काळ्या भागातच असते. रतनगुंजेखाली पीळ पडलेल्या वाळक्या शेंगा सापडतील.

गुंज विषारी आहे. अख्खी गिळली तर कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते, फुटली किंवा चावली तर जिवावर बेतू शकतं. (पाला मात्र विड्यात घालतात!) म्हणून तिला घासू नका, भोक पाडू नका, भुकटी नाकात जाते. उकळलेलं पाणी गॅसवरून उतरवा, त्यात बिया टाका, रात्रभर निवू द्या. बिया पाण्यात उकळायच्या नाहीत, गर्भ मरतो. लहान मुलांपासून लांब ठेवा.

तिसरा सागरगोटा. काटेरी शेंगेत एक-दोनच निघतात. चौथा वावळ; त्याची पानं चुरगळली की घाण वास येतो.

रानवाट :
धन्यवाद! सागरगोटे पाण्यात टाकले तर तरंगताहेत. पोकळ आहेत का?

बीजवाला :
नाही, टाकून देऊ नका. आत पोकळी असल्याने चांगला सागरगोटाही तरंगतो, ही चाचणी इथे लागूच पडत नाही. रतनगुंज आणि सागरगोटा दोन्हीला कानशीने एकाच जागी घासा, आतला फिकट थर दिसला की थांबा. चिकटण्याच्या खुणेजवळ घासायचं नाही, मूळ तिथूनच फुटतं. विरुद्ध बाजू घ्या. मग 24 तास साध्या पाण्यात. ज्या फुगल्या त्याच पेरा. न फुगलेल्या परत थोड्या घासून भिजवा. फुगलेल्या बिया पाण्यात तशाच राहिल्या तर कुजतात.

माळरान :
वावळाबद्दल : कानस, गरम पाणी काही नको. पण ठेवून देऊ नका, बी फार काळ टिकत नाही. पापुद्र्यासकट ओल्या मातीवर पसरा, वर अर्धा सेंमी बारीक माती. खोल पुरलं तर वर येत नाही. पाणी झारीनेच घाला, नाहीतर पापुद्रे वाहून एका कोपऱ्यात जमा होतात.